खासदारांचा पगार किती असावा, आणि तो ठरवायचा कोणी?

२४ मार्च २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि खासदारांचा मासिक पगार १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झाला. वाढ मागच्या तारखेपासून, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यामुळे जवळजवळ दोन वर्षांची थकबाकीही आली. त्यावर जे बोललं गेलं, ते दर वेळी बोललं जातं. कांद्याला भाव नाही, पेन्शनीत भागत नाही, आणि यांना मात्र वाढ. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ठरलेलं असतं: पुण्यातल्या आयटी कंपनीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला एवढा पगार मिळतोच, मग देशाचे कायदे करणाऱ्याला का नको?

दोन्हीकडे तथ्य आहे. पण हा वाद घालताना आपण दोन प्रश्न एकमेकांत मिसळतो. पगार किती असावा हा एक, आणि तो ठरवायचा कोणी हा दुसरा. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगण्याआधी खासदाराला मिळतं काय ते नीट पाहू, कारण तिथेच बराच गैरसमज आहे.

हातात येणारं आणि सोबत मिळणारं

१ लाख २४ हजार हा मूळ पगार. त्यावर आयकर लागतो. याखेरीज मतदारसंघ भत्ता महिन्याला ८७ हजार आणि कार्यालयीन खर्चासाठी ७५ हजार. या ७५ हजारांतले ५० हजार मदतनीस ठेवण्यासाठी आणि २५ हजार कागद, टपाल वगैरेंसाठी धरलेले आहेत. या भत्त्यांवर कर नाही. तिन्ही मिळून महिन्याला २ लाख ८६ हजार होतात. शिवाय अधिवेशनात हजेरी लावली की त्या दिवसाचे २,५०० रुपये.

मग येतात सवलती. दिल्लीत राहायला घर. वर्षाला ३४ विमानफेऱ्या. रेल्वेचा वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पास. वर्षाला ५० हजार युनिट वीज आणि ४ हजार किलोलिटर, म्हणजे ४० लाख लिटर पाणी. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला ५० हजार युनिट वीस वर्षं पुरतील. पगाराच्या आकड्याची जेवढी चर्चा होते, तेवढी या सवलतींची होत नाही. खरं तर लोकांना टोचतात त्या सवलतीच, कारण त्यांची किंमत कुठे एका जागी छापलेली दिसत नाही. संसदेच्या कँटीनमधलं स्वस्त जेवण हा वर्षानुवर्षं रागाचा विषय होता. २०२१ च्या सुरुवातीला ते अनुदान बंद झालं. त्यातून वाचलेली रक्कम लहानच होती, पण लोकांच्या मनातला एक काटा निघाला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी हे खासदाराचं उत्पन्न नाही. तो फक्त कामं सुचवतो. पैसा जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो. गावात समाजमंदिरावर 'खासदारांच्या निधीतून' अशी पाटी दिसली म्हणजे त्यांनी खिशातून दिले असं होत नाही, आणि तो पैसा त्यांच्या खिशात जातो असंही होत नाही. त्या निधीत गैरव्यवहार होतात का, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, पण तो पगाराचा नाही.

आता या सगळ्याचा देशाच्या तिजोरीवर भार किती? दोन्ही सभागृहांत मिळून ७८८ जागा आहेत. सगळ्यांचा मूळ पगार धरला तर वर्षाला सुमारे ११७ कोटी होतात. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या थोडा वर होता. म्हणजे सरकार लाख रुपये खर्च करतं, त्यातले साधारण सव्वादोन रुपये खासदारांच्या मूळ पगारावर जातात. भत्ते आणि सवलती धरल्या तर रक्कम बरीच वाढेल, तरी अर्थसंकल्पाच्या मानाने ती किरकोळच राहील. म्हणून 'यांच्या पगारापायी देश बुडाला' या म्हणण्यात दम नाही. आणि याच कारणाने, पगार कापून शाळा-दवाखाने उभे राहतील ही आशाही फोल आहे. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून वर्षभर खासदारांचा पगार ३० टक्क्यांनी कापला होता. लोकांच्या दुःखात सहभागी असल्याची खूण म्हणून ते योग्यच होतं, पण तिजोरीला त्याने फारसा फरक पडला नाही.

स्वतःच्या पगारावर स्वतःची सही

राज्यघटनेचं कलम १०६ सांगतं की खासदारांचे वेतन-भत्ते संसद कायद्याने ठरवेल. त्यानुसार १९५४ चा कायदा झाला. तेव्हा पगार महिन्याला ४०० रुपये आणि दैनिक भत्ता २१ रुपये होता. पुढे संसद वेळोवेळी कायद्यात दुरुस्ती करत गेली. २००१ मध्ये १२ हजार, २००६ मध्ये १६ हजार आणि २०१० मध्ये एकदम ५० हजार.

२०१० चा प्रसंग मुद्दाम आठवावा असा आहे. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची जी संयुक्त समिती वेतनाचा विचार करते, तिने ८०,००१ रुपयांची शिफारस केली होती. वरचा एक रुपया हिशेबातून आलेला नव्हता. केंद्रीय सचिवाचा पगार तेव्हा ८० हजार होता, आणि लोकप्रतिनिधी सचिवापेक्षा वरचा आहे हे त्या एका रुपयातून दाखवायचं होतं. मंत्रिमंडळाने ५० हजारच मंजूर केले, तेव्हा लोकसभेत गोंधळ झाला, कामकाज थांबलं. लालूप्रसाद यादव आणि मुलायमसिंह यादव त्यात आघाडीवर होते. शेवटी पगार ५० हजारच राहिला आणि भत्ते आणखी १० हजारांनी वाढवून विषय मिटला. डावे पक्ष मात्र सांगत होते की खासदारांनी आपला पगार आपणच ठरवू नये.

मानाचा मुद्दा क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. जिल्हाधिकाऱ्यासमोर किंवा सचिवासमोर बसून त्याला जाब विचारायचा तर लोकप्रतिनिधीची पायरी कमी असू नये, ही भावना मला पटते. पण त्यासाठी सभागृहाचं कामकाज बंद पाडायचं, ज्या सभागृहात महागाई आणि शेतीवर बोलायचं होतं तेच, हे पाहून सामान्य माणसाच्या मनात जी अढी बसली ती अजून गेलेली नाही.

२०१८ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात यावर तोडगा काढला. पगार १ लाख केला आणि पुढे दर पाच वर्षांनी तो महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढेल अशी तरतूद केली. त्यासाठी निवडलेला निर्देशांक आयकर कायद्यातला आहे. जमीन किंवा घर विकताना झालेल्या नफ्यावरचा कर काढायला तो वापरतात. २०१८-१९ मध्ये हा निर्देशांक २८० होता आणि २०२३-२४ मध्ये ३४८ झाला. १ लाखाला ३४८ ने गुणा आणि २८० ने भागा: १ लाख २४ हजारांच्या थोडं वर उत्तर येतं. २०२५ ची वाढ आली ती या गणितातून. त्या वेळी संसदेत मतदान झालं नाही, आणि या पद्धतीत त्याची गरजही नव्हती.

हा बदल चांगलाच होता. आपल्याच पगारासाठी आपणच हात वर करण्याचा देखावा थांबला. पण अर्धं काम राहिलं. ज्या १ लाखापासून हा निर्देशांक धावायला लागला, तो १ लाख कोणत्या अभ्यासातून आला? तो आकडाही संसदेनेच मंजूर केलेला. उद्या बहुमताला वाटलं तर कायद्यात दुरुस्ती करून तो बदलताही येईल. सवलती तर पूर्वीसारख्याच सभागृहाच्या आणि सरकारच्या हातात आहेत.

आणि दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. महागाई सगळ्यांसाठी वाढते, निर्देशांक मात्र मोजक्यांच्या वाट्याला येतो. भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतल्या निवृत्त कामगाराची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिन्याला १ हजार रुपये ठरली. सूतगिरण्यांतले, साखर कारखान्यांतले, सहकारी संस्थांमधले किती तरी लोक या योजनेत आहेत. ती किमान रक्कम महागाईला बांधावी म्हणून ते वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. खासदारांना हे सूत्र लागू करणं चुकीचं नाही. ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांना ते नाकारून आधी स्वतःला लागू करणं चुकीचं आहे.

पगार द्यायचाच कशाला?

काही जणांना वाटतं, लोकसेवा ही सेवा आहे, तिला पगार कसला. हा विचार आपल्याकडे आदराने ऐकला जातो, आणि त्याला मोठा इतिहास आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या ठरावात म्हटलं होतं की सरकारी सेवकाचा पगार साधारणपणे महिन्याला ५०० रुपयांच्या वर असू नये. इंग्रज अधिकाऱ्यांचे गलेलठ्ठ पगार डोळ्यांसमोर होते, आणि ते गरीब रयतेच्या करातून जात होते. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं, तेव्हा मंत्र्यांनी हेच ५०० रुपये पगार म्हणून घेतले.

त्या वर्षी मुंबई विधानसभेत मंत्र्यांच्या वेतनाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विरोधी बाकांवर होते. त्यांनी या विधेयकावर टीका केली. वेतन ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात, असं त्यांनी मांडलं: समाजातलं राहणीमान, कामाची पात्रता, लोकशाही आणि कारभाराची सचोटी. त्यागाच्या वातावरणात असं बोलणं सोपं नव्हतं. पण मुद्दा लख्ख आहे. पगार नाममात्र ठेवला तर ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, वकिलीची किंवा व्यापाराची बरकत आहे, तोच मंत्री होऊ शकतो. ज्याचं घर महिन्याच्या कमाईवर चालतं, त्याच्यासाठी दार बंद होतं. आपल्या समाजात कुणाकडे जमीन होती आणि कुणाकडे नव्हती, हे बाबासाहेबांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

इंग्लंडमधल्या कामगारांनीही हेच म्हटलं होतं. १८३८ च्या चार्टिस्ट या कामगार चळवळीच्या सहा मागण्यांत एक मागणी होती की पार्लमेंटच्या सदस्यांना पगार द्या, म्हणजे मजूरही आपलं काम सोडून तिथे बसू शकेल. ती मान्य व्हायला १९११ साल उजाडलं. तेव्हा वर्षाला ४०० पौंड सुरू झाले. त्याआधी कामगार संघटना वर्गणी काढून आपल्या खासदारांना पोसत असत, पण १९०९ च्या एका न्यायालयीन निकालाने तो मार्ग बंद केला होता.

म्हणून लोकप्रतिनिधीला पगार हवा, आणि घर चालेल असा हवा, यात मला शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. आणखी वाढवला तर चांगली माणसं येतील का आणि भ्रष्टाचार कमी होईल का?

अभ्यास काय सांगतात

सिंगापूरचं उदाहरण सगळे देतात. तिथे १९९४ पासून मंत्र्यांचे पगार खाजगी क्षेत्रातल्या वरच्या कमाईशी जोडलेले आहेत. तर्क असा की पगार भरपूर असेल तर हुशार माणूस येईल आणि लाच घेणार नाही. पण २०११ च्या निवडणुकीत या पगारांवर तिथेही राग निघाला आणि २०१२ मध्ये ते बरेच खाली आणावे लागले. शिवाय सिंगापूरच्या स्वच्छ कारभाराचं श्रेय नुसत्या पगाराला देता येत नाही; तिथली लाचलुचपत चौकशी यंत्रणा पंतप्रधानांच्या खालच्या कुणालाही सोडत नाही असा तिचा दरारा आहे.

नेमकं मोजमाप करणारे अभ्यास दुसरीकडे झाले. इटलीत गावाची लोकसंख्या ५ हजारांवर गेली की महापौराचा पगार एकदम वाढतो. मग ४,९०० वस्तीचं गाव आणि ५,१०० वस्तीचं गाव शेजारी ठेवून तुलना करता येते, कारण बाकी दोघांत फारसा फरक नसतो. तिथे दिसलं की जास्त पगाराच्या गावांत जास्त शिकलेले लोक उभे राहतात आणि पालिकेचा चालू खर्चही आटोपशीर राहतो. ब्राझीलच्या नगरपालिकांतही पगारवाढीनंतर शिक्षित उमेदवार वाढले आणि नगरसेवकांनी मांडलेले ठराव वाढले.

उलट युरोपियन पार्लमेंटचा अनुभव वेगळा. २००९ पर्यंत तिथल्या सदस्याला आपापल्या देशाच्या खासदाराएवढा पगार मिळे. इटलीच्या सदस्याला भरपूर, हंगेरीच्या सदस्याला अगदी थोडा. २००९ मध्ये सगळ्यांना एकच पगार लागू झाला. ज्यांचा पगार कित्येक पटींनी वाढला, त्यांच्या कामात काही सुधारणा झाली का? अभ्यासकांना तशी दिसली नाही. फक्त पुन्हा उभं राहण्याची इच्छा वाढली, आणि नामांकित विद्यापीठांतून आलेल्या सदस्यांचं प्रमाण थोडं घटलं.

म्हणजे पगार वाढला की माणसं बदलतात, पण कोणती माणसं येतील हे दार उघडणाऱ्यावर अवलंबून असतं. लहान गावात कुणीही उभं राहू शकतं. मोठ्या पक्षांच्या यादीत नाव घालणारा वेगळाच असतो.

आपल्याकडे दार कुठे बंद होतं

आता आपला हिशेब. १ लाख २४ हजार गुणिले ६० महिने. पाच वर्षांत खासदाराला मूळ पगार म्हणून ७४ लाख ४० हजार मिळतात, तेही कर कापण्याआधी. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत खर्च करायची कायदेशीर मर्यादा आहे ९५ लाख. म्हणजे पूर्ण मुदतीचा पगार एका निवडणुकीच्या अधिकृत खर्चमर्यादेलाही पुरत नाही. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. आणि मर्यादा कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे प्रचाराच्या दिवसांत जेवणावळी, गाड्यांचे ताफे आणि डिझेलच्या पावत्या पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

याचं प्रतिबिंब आकड्यांत पडतं. उमेदवारांच्या शपथपत्रांवरून एडीआर ही संस्था दर वेळी आकडे काढते. २००९ मध्ये निवडून आलेल्या खासदारांपैकी ५८ टक्के कोट्यधीश होते. २०१४ मध्ये ८२ टक्के, २०१९ मध्ये ८८ टक्के, २०२४ मध्ये ९३ टक्के. महागाईने कोटीची किंमत उतरली हे धरूनही दिशा स्पष्ट आहे. २०२४ च्या लोकसभेतल्या सदस्यांची सरासरी संपत्ती ४६ कोटींच्या वर आहे. काही अतिश्रीमंतांमुळे ती सरासरी फुगते हे खरं, तरी १ लाख २४ हजारांवर जगणारा माणूस त्या सभागृहात शोधावा लागेल.

मग २०१८ मध्ये वरुण गांधींनी, ते स्वतः भाजपचे खासदार असताना, श्रीमंत खासदारांनी उरलेल्या मुदतीचा पगार सोडावा असं लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्षा सुमित्रा महाजन यांना लिहिलं होतं, त्याचं काय? भावना चांगली, पण मला तो मार्ग पटत नाही. श्रीमंतांनी पगार सोडला की तो घेणारा गरीब खासदार लोभी दिसतो. जो प्राध्यापक, जी परिचारिका, जो ऊसतोड मजूर कधी तरी तिथे पोहोचेल, त्याला आपला पगार ताठ मानेने घेता आला पाहिजे.

पगारवाढीने भ्रष्टाचार थांबेल ही आशाही इथेच मावळते. निवडणुकीत ओतलेला पैसा कुठून तरी परत यावा लागतो. महिन्याचा पगार दुप्पट केला तरी तो खड्डा भरत नाही. तिकडे न बघता पगार वाढवत राहणं म्हणजे गळक्या टाकीचा नळ मोठा करणं.

खासदाराच्या कार्यालयात

एका ठिकाणी मात्र मी पैसा वाढवा असं ठामपणे म्हणेन. ती जागा पगाराची नव्हे, कामाची.

गडचिरोली-चिमूर मतदारसंघ नकाशावर पाहा. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून प्राणहिता नदीकाठच्या सिरोंच्यापर्यंत तो पसरला आहे. रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर अंतर भरतं, मध्ये जंगल, पावसाळ्यात तुटणारे पूल. तीन जिल्हे, सहा विधानसभा क्षेत्रं. देशभरात सरासरी एका खासदारामागे सुमारे अठरा लाख मतदार येतात. एवढ्या लोकांसाठी मदतनीसांचे पैसे महिन्याला ५० हजार. त्यात एक बऱ्यापैकी शिकलेला पीए आणि फार तर एखादा पोरगेला टायपिस्ट बसतो.

आणि खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी येणारी गर्दी कशासाठी येते? कुणाचं मुंबईला कॅन्सरचं ऑपरेशन आहे, पंतप्रधान सहायता निधीसाठी पत्र हवं. कुणाचं रेल्वेचं तिकीट वेटिंगवर आहे, कोट्यातून पक्कं करायचं पत्र हवं. कुणाच्या मुलाची बदली, कुणाचा पीक विमा अडकलेला, कुणाच्या गावची डीपी जळालेली. त्यातच लग्नसराईत दिवसाला पाच-सहा लग्नं, तिथे हजेरी लागली नाही तर 'साहेब मोठे झाले' असं ऐकावं लागतं. गणपती आणि दहीहंडीची वर्गणी, सप्ताहाच्या महाप्रसादाची देणगी, कबड्डीच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस. यातलं अर्धंअधिक काम सरपंचाचं, तहसीलदाराचं किंवा महावितरणचं आहे, पण ते तिथे होत नाही म्हणून लोक खासदाराकडे येतात. आणि वर्गणी मागायला आपणच जातो. महिन्याला २ लाख ८६ हजार मिळवणारा माणूस पन्नास मंडळांना वर्गणी देतो, तेव्हा ती कुठून येते असं आपल्यापैकी कुणी विचारत नाही. मला या प्रश्नाची खरोखर चिंता वाटते, कारण इथे देणारा आणि घेणारा दोघांचीही सवय बिघडलेली आहे.

या सगळ्यात विधेयक वाचायचं कधी? संसदेत येणारी विधेयकं शंभर-शंभर पानांची असतात, अर्थसंकल्पाची कागदपत्रं त्याहून जाड. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या सदस्याला १८ कायम कर्मचारी ठेवता येतात, त्यांतले काही निव्वळ कायद्यांचा अभ्यास करणारे. आपल्याकडे दिल्लीतल्या पीआरएस या संस्थेने तरुण अभ्यासकांना वर्षभर एकेका खासदारासोबत काम करायला देण्याचा लॅम्प नावाचा उपक्रम चालवला आहे आणि तो चांगला आहे, पण तो देणग्यांवर चालतो आणि मोजक्या खासदारांपर्यंत पोहोचतो. संसदेनेच प्रत्येक सदस्याला दोन-तीन चांगले संशोधन सहायक द्यावेत. त्यांचा पगार संसदेने थेट त्यांच्या खात्यात भरावा, आणि नात्यातल्या माणसांना तिथे बसवायला बंदी असावी. वर्षाला शंभर-दोनशे कोटी लागतील. मूळ पगाराच्या वाढीपेक्षा हा खर्च लोकांच्या कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

अर्थात अभ्यास करून बोलायला सभागृह भरलं पाहिजे. सतराव्या लोकसभेच्या पूर्ण मुदतीत बैठकीचे दिवस झाले २७४, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. पगार बारा महिन्यांचा आणि सभागृह दोन महिन्यांहूनही कमी, हे लोकांच्या डोळ्यांवर येतं ते उगाच नव्हे.

पेन्शनचं दुखणं

पगारापेक्षा पेन्शनवर लोक जास्त चिडतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. १९७६ मध्ये खासदारांना पेन्शन सुरू झाली, तेव्हा पाच वर्षांची अट होती. २००४ मध्ये ती अट गेली. आज माजी खासदाराला महिन्याला ३१ हजार मिळतात, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २,५०० अधिक. आमदार असलेला माणूस पुढे खासदार झाला तर दोन्हीकडची पेन्शन घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय गेला होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, हे ठरवणं संसदेचं काम आहे म्हणून.

ज्या वर्षी खासदारांची पाच वर्षांची अट गेली, त्याच वर्षी, १ जानेवारी २००४ पासून, केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी निश्चित पेन्शन बंद झाली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडचे शिक्षक, लिपिक, परिचारिका 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर होते. तेव्हाच्या नियमांप्रमाणे तीस वर्षं नोकरी करणाऱ्या परिचारिकेने बाजाराच्या भरवशावर राहायचं होतं आणि एक मुदत पूर्ण न केलेल्या माजी खासदाराला आयुष्यभर ठरलेली रक्कम, ही तुलना कुणीही करणारच. पंजाबने २०२२ मध्ये आमदारांसाठी कितीही वेळा निवडून आले तरी एकच पेन्शन असा कायदा केला. खासदारांनीही कर्मचाऱ्यांसारखी, दरमहा स्वतःचा हिस्सा भरण्याची योजना घ्यावी. निवडणूक हरल्यावर घर चालवायला अडचण येईल अशा सदस्याला सहा महिने-वर्षभर मदत देता येईल. आयुष्यभराची पेन्शन त्यासाठी लागत नाही.

मग ठरवायचं कोणी?

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या पावत्या बाहेर आल्या. कुणी तळ्यातल्या बदकांच्या घराचा दावा केलेला, कुणी दुसऱ्या घराच्या नावावर पैसे घेतलेले. त्यातून इप्सा ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. आता खासदारांचा पगार तीच ठरवते, आणि प्रत्येक खासदाराच्या खर्चाची नोंद लोकांसाठी खुली असते. २०१५ मध्ये तिने पगार १० टक्क्यांनी वाढवला, तेव्हा पंतप्रधानांपासून अनेकांनी नापसंती दाखवली, तरी निर्णय टिकला. राजकारण्यांना नको असताना वाढ झाली, आणि उद्या हवी असताना नाकारलीही जाऊ शकते. ही व्यवस्था विश्वासार्ह आहे ती यामुळेच. अमेरिकेत वेगळा उपाय आहे: सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीनुसार काँग्रेसने केलेली वाढ पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होते. ही दुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली. पण तिथे मतदारांच्या धाकाने पगार २००९ पासून वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलरवर गोठलेला आहे, त्यामुळे तोही आदर्श नमुना म्हणता येत नाही.

आपल्याकडे कलम १०६ मध्ये 'संसद कायद्याने ठरवेल' असं आहे. २०१८ मध्ये संसदेने कायदा करून ते काम एका निर्देशांकाकडे सोपवलंच. तसंच ते निवृत्त न्यायाधीश, लेखापरीक्षक, अर्थतज्ज्ञ आणि कामगार चळवळीतली माणसं यांच्या एका आयोगाकडे सोपवता येईल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यासाठी घटनादुरुस्ती लागू नये. त्या आयोगाने पगार, भत्ते, घर, वीज, विमान या सगळ्याची एकत्र किंमत जाहीर करावी. तो आकडा आजच्या पगाराच्या दुप्पट निघाला तरी माझी हरकत नाही, फक्त तो छापलेला असावा आणि नव्या लोकसभेपासून लागू व्हावा. बाहेरच्या कमाईचा नियमही याच आयोगाने करावा. खासदाराने वकिली करावी का, हा प्रश्न २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याला मुभा मिळाली. पण पूर्णवेळ पगार घेऊन पूर्णवेळ दुसरा व्यवसाय करणं योग्य आहे का, यावर नियम हवाच.

सध्याच्या कायद्याप्रमाणे पुढची वाढ १ एप्रिल २०२८ पासून धरली जाईल, पुन्हा त्याच निर्देशांकाने. त्याआधी कायदा बदलायचा तर तो याच लोकसभेला बदलावा लागेल. अधिवेशनात शुक्रवारची दुपार सदस्यांच्या खाजगी विधेयकांसाठी राखलेली असते, आणि प्रत्येक खासदाराचा ईमेल संसदेच्या संकेतस्थळावर आहे. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला इतकंच विचारा: पगार, सवलती आणि पेन्शन ठरवण्याचा अधिकार स्वतंत्र आयोगाकडे देणारं विधेयक आलं, तर तुम्ही मत कुणाच्या बाजूने द्याल?